चिठ्ठी कोणाची निघते?

मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातल्या पुष्कळ घरांत एका निकालाची वाट पाहिली जाते. हा निकाल कोणत्या बोर्डाचा किंवा विद्यापीठाचा नसतो. परदेशी पदवीधरांना अमेरिकेत काही वर्षे नोकरी करण्यासाठी 'एच-१बी' नावाचा व्हिसा लागतो. त्याच्या सोडतीचा हा निकाल असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एम.एस्सी.चा प्रकल्प केलेली एक विद्यार्थिनी अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन तेथेच नोकरीला लागली. तिच्या कंपनीने लागोपाठ तीन वर्षे तिचे नाव या सोडतीत घातले. तिन्ही वेळा ते निघाले नाही. राहण्याची मुदत संपली आणि ती पुण्याला परत आली. भेटायला आली तेव्हा तिने विचारले, "सर, मी नेमकी कशात कमी पडले?"

सोडतीत नावे संगणक उचलतो, कोणाचे काम कोणी तपासत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही प्रश्न मनातून गेला नव्हता. घरी येणारेजाणारे विचारत होतेच, "हिच्या मैत्रिणीचे झाले, मग हिचे कसे नाही झाले?"

मी तिला तेव्हा जे उत्तर दिले, ते अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे तर निवडीच्या नियमांचा इतिहास सांगावा लागतो. हा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे आणि त्यात मराठी माणसे सुरुवातीपासून आहेत. २०२६ साली हे नियम पुन्हा एकदा बदलले, म्हणून तो आता पाहणे उपयोगाचे होईल.

व्हिसा नसलेला काळ

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय १८ होते. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. हे सारे आपल्याला माहीत असते. पण त्यांनी अमेरिकेचा व्हिसा कसा मिळवला, असा प्रश्न आपण विचारत नाही. त्याचे उत्तर असे की त्यांना व्हिसा लागलाच नाही. तिकिटाचे पैसे, उतरल्यावर आधार देणारे कार्पेंटर कुटुंब आणि घरच्या समाजाचा विरोध सोसण्याचे बळ एवढ्यावर त्या गेल्या.

मात्र दार तेव्हाही सर्वांना सारखे उघडे नव्हते. आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. त्या कायद्यात 'मजूर' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करताना कुशल आणि अकुशल असे दोन्ही मजूर धरले होते. म्हणजे कौशल्य असणे हा तेव्हा दार उघडण्याचा आधार नव्हता. कुशल चिनी कारागीरसुद्धा बाहेरच राहायचा.

तीन वर्षांनी, १८८५ मध्ये, आणखी एक कायदा झाला. परदेशातून कामगाराला आधीच करार करून, तिकीट काढून देऊन आणणे हा त्याने गुन्हा ठरवला. नट, गायक, व्याख्याते यांना सूट होती. अमेरिकेत अजून उभा न राहिलेला नवा उद्योग चालवू शकणाऱ्या कुशल कारागिरांनाही सूट होती. बाकीच्यांनी नोकरी ठरवून येता कामा नये, असा हा नियम होता. आज नेमके उलटे आहे. आज अमेरिकेतल्या मालकाने नोकरी देऊ केल्याशिवाय अर्जच करता येत नाही. दोन्ही नियमांचे कारण एकच सांगितले गेले : देशातल्या कामगाराच्या मजुरीचे रक्षण. एकाच हेतूने परस्परविरुद्ध नियम निघू शकतात, हे ध्यानात ठेवू या.

नकाशावरून आणि रंगावरून निवड

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेने नकाशावर एक मोठा पट्टा आखला. हिंदुस्थानासह आशियाचा बराच भाग त्यात आला. या पट्ट्यातल्या लोकांना प्रवेश बंद झाला. यालाही अपवाद होते : डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंते, शिक्षक, विद्यार्थी, वकील, लेखक, व्यापारी वगैरे. शिकलेल्यांच्या व्यवसायांची यादी करून फट ठेवण्याची पद्धत आपल्या बाबतीत येथून दिसते. त्यामुळे १९१८ मध्येही धर्मानंद कोसंबींसारखे विद्वान हार्वर्डला जाऊ शकत होते. त्यांच्याबरोबर गेलेला मुलगा दामोदर पुढे १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला, मायदेशी परतला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्याने गणित शिकवले.

जे आधीच तेथे स्थायिक झाले होते त्यांचे काय? नागरिकत्व 'गोऱ्या' माणसालाच देता येईल, असा तेव्हाचा अमेरिकन कायदा होता. (आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी १८७० मध्ये वेगळी तरतूद झाली होती.) हिंदी माणूस 'गोरा' की नाही, यावर निरनिराळी न्यायालये निरनिराळे निकाल देत. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' असा निकाल दिला. त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याचे खटले सरकारने सुरू केले.

अशा खटल्यांत दोन मराठी नावे आहेत. एक सखाराम गणेश पंडित. हे लॉस एंजेलिसचे वकील. थिंद यांची बाजू मांडणाऱ्यांत ते होते आणि पुढे त्यांच्यावरच पाळी आली. नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिलीचा व्यवसाय उभा केला, घर केले, आता ते काढणे अन्याय्य आहे, हा त्यांचा मुद्दा अपील न्यायालयाने १९२६ मध्ये मान्य केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला आणि अशा खटल्यांचा जोर ओसरला.

दुसरे नाव शंकर लक्ष्मण गोखले. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ते चुंबकत्वावर संशोधन करत. विजेची यंत्रे आणि रोहित्रे यांत लोखंडाचे चुंबकन कसे होते, हा तेव्हाच्या विद्युत उद्योगाचा कळीचा प्रश्न होता आणि गोखले त्यावर अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत निबंध वाचत होते. आजच्या भाषेत ते 'उच्च कौशल्याचे तंत्रज्ञ' होते. पण १९२८ मध्ये त्यांचा खटला अपील न्यायालयात उभा राहिला तेव्हा प्रश्न त्यांच्या वंशाचा होता. चुंबकत्वाचे ज्ञान या मोजमापात कोठेच बसत नव्हते.

शंभरांचा कोटा आणि त्यानंतर

१९४६ मध्ये अमेरिकेने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला आणि दर वर्षी १०० जणांना कायमचे येऊ देण्याचे ठरवले. चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला शंभर जागा! १९५२ च्या कायद्याने प्रत्येक देशाच्या कोट्यातल्या निम्म्या जागा उच्च शिक्षण, तांत्रिक प्रशिक्षण किंवा खास अनुभव असलेल्या आणि अमेरिकेला तातडीने हव्या असलेल्या माणसांसाठी राखून ठेवल्या. याच कायद्यात तात्पुरत्या कामासाठी 'एच-१' हा वर्ग आला. त्याची अट 'विशेष गुणवत्ता आणि क्षमता' अशी होती. आजच्या एच-१बी व्हिसाचे हे मूळ.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि जन्मदेशावरून कोटा ठरवण्याची जुनी पद्धत संपली. आशियातल्या कोणत्याही एका देशाला वर्षाला २०,००० पर्यंत जागा मिळू शकतील असे झाले. शास्त्रज्ञ, डॉक्टर, अभियंते अशा व्यावसायिकांना एक स्वतंत्र पसंतीक्रम मिळाला. पुण्यामुंबईचे अनेक डॉक्टर आणि अभियंते या दाराने गेले. त्यांनी गावोगावी महाराष्ट्र मंडळे काढली आणि १९८१ मध्ये या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. आज तिकडे आजी-आजोबा झालेली मराठी पिढी मुख्यतः या नियमाने निवडलेली आहे. ही माणसे हुशार होतीच. पण त्यांच्याइतकीच हुशार माणसे १९५५ साली पदवीधर झाली असती, तर त्यांच्यापुढे शंभरांची रांग होती. दोन पिढ्यांत फरक बुद्धीचा नव्हता, कायद्याच्या तारखेचा होता.

आकडा ठरतो

नोव्हेंबर १९९० मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. 'विशेष गुणवत्ता' ही जुनी अट जाऊन तिच्या जागी 'पदवीची गरज असलेला विशेष व्यवसाय' अशी अट आली आणि एच-१बी या वर्गासाठी वर्षाला ६५,००० ही मर्यादा ठरली. गुणवत्तेपेक्षा पदवी तपासणे सोपे असते, त्यामुळे पात्र उमेदवारांचे वर्तुळ पुष्कळ रुंद झाले. दुसरीकडे जागांना मात्र कुंपण पडले. पुढचा सारा इतिहास या दोन गोष्टींच्या ताणातून घडला आहे.

योगायोग असा की १९९० मध्येच भारत सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची पहिली केंद्रे बंगळूर, भुवनेश्वर आणि पुणे येथे सुरू केली. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना संगणकाच्या नोकऱ्या दिसू लागल्या. शतक संपताना 'वाय-टू-के' आले. जुन्या संगणकांत वर्ष दोनच आकड्यांनी लिहिलेले असल्याने २००० साल आणि १९०० साल यांत घोटाळा होईल, ही ती भीती. ती दुरुस्ती करायला माणसे हवी होती आणि ती भारतात होती.

सुरुवातीची काही वर्षे ६५,००० जागा भरतच नसत. १९९७ मध्ये त्या प्रथमच भरल्या. मग मर्यादा दोन वर्षांसाठी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० करण्यात आली. २००४ पासून ती पुन्हा ६५,००० वर आली. २००४ च्याच एका कायद्याने अमेरिकन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागांची भर पडली. मिळून ८५,००० हा आकडा आजही कायम आहे. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागू नाही.

शर्यतीकडून सोडतीकडे

जागा कमी आणि अर्ज जास्त झाले की निवड कशी करायची? सर्वांत सोपा नियम म्हणजे 'आधी येईल त्याला आधी'. बरीच वर्षे तोच चालला. हा नियम घाई मोजतो. ज्या कंपनीचे वकील तयार, तिची माणसे पुढे.

२ एप्रिल २००७ रोजी अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक अर्ज येऊन पडले. टपालाची पाकिटे एकाच दिवशी आल्यावर पहिले कोण आणि दुसरे कोण, हे सांगायला अर्थ उरत नाही. म्हणून संगणकाने सोडत काढली. २००८ मध्येही तसेच झाले. नंतर मंदी आली आणि २००९ मध्ये जागा भरायला डिसेंबर उजाडला. तेव्हा ज्यांनी अर्ज केला त्या पात्र उमेदवारांना सोडतीची गरजच पडली नाही. २०१३ पासून दर वर्षी सोडत काढावी लागली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ८५,००० जागांसाठी सुमारे २,३६,००० अर्ज आले.

सोडत म्हणजे अडाणीपणा, असे अनेकांना वाटते. शिक्षकांना मात्र एक सोडत जवळून माहीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात आणि अर्ज जास्त आले की सोडत काढतात. पहिलीत येणाऱ्या मुलाची चाचणी घेऊन निवड करायला त्याच कायद्याने मनाई आहे. सर्व मुले सारखीच पात्र आहेत, हे मान्य केल्यावर चिठ्ठी टाकणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो. जिच्यात फेरफार नाही अशी सोडत कोणाची जात, ओळख किंवा घाई पाहत नाही. तिचा निकाल पात्रतेविषयी काही सांगत नाही, हे मात्र आपण विसरतो.

एका माणसाच्या अनेक चिठ्ठ्या

२०२० पर्यंत पूर्ण अर्ज भरून, फी भरून मग सोडत व्हायची. २०२० पासून फक्त १० डॉलर भरून संगणकावर नाव नोंदवायचे आणि नाव निघाले तरच पूर्ण अर्ज भरायचा, असे झाले. कागद वाचले, पण चिठ्ठी स्वस्त झाली. एकाच माणसासाठी अनेक कंपन्या नाव नोंदवू लागल्या. प्रत्येक नोंदणी ही वेगळी चिठ्ठी असल्याने ज्याची नावे अधिक, त्याची संधी अधिक.

२०२३ च्या मार्चमध्ये आकडा फुगून ७,८०,८८४ नोंदण्यांवर गेला. त्यांतल्या पात्र ७,५८,९९४ नोंदण्यांपैकी ४,०८,८९१ नोंदण्या एकाहून अधिक वेळा नाव आलेल्या माणसांच्या होत्या. निम्म्याहून जास्त! वर्गात प्रत्येकाची एक चिठ्ठी असताना काही मुलांनी गुपचूप पाच-पाच टाकल्या तर जे होईल, तेच येथे झाले. सरळ मार्गाने एकच नोंदणी केलेल्यांची संधी त्यामुळे घटली.

२०२४ पासून नियम बदलला. कितीही कंपन्यांनी नाव दिले तरी पारपत्राच्या क्रमांकावरून एका माणसाची एकच चिठ्ठी. लगेच पात्र नोंदण्या ४,७०,३४२ वर उतरल्या. २०२५ मध्ये नोंदणीची फी २१५ डॉलर झाली आणि पात्र नोंदण्या ३,४३,९८१ झाल्या. त्यातून १,२०,१४१ निवडल्या गेल्या. (निवडलेले सगळेच पुढे अर्ज करत नाहीत, म्हणून ८५,००० पेक्षा अधिक निवडतात.) म्हणजे शंभरातले सुमारे ३५.

आता माझ्या विद्यार्थिनीसाठी एक छोटे गणित करू. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी अमेरिकेत घेतलेल्यांना शिक्षणानंतर साधारण तीन वर्षे कामाची मुभा मिळते, म्हणजे सोडतीत सुमारे तीन वेळा बसता येते. एका वेळी न निघण्याची शक्यता ०.६५ धरली, तर तिन्ही वेळा न निघण्याची शक्यता ०.६५ × ०.६५ × ०.६५, म्हणजे सुमारे ०.२७. सारख्याच गुणवत्तेच्या शंभर जणांपैकी सत्तावीस जण काहीही चूक नसताना परत येतील. तिला मी हा आकडा तेव्हाच सांगायला हवा होता.

पगारावरून चिठ्ठ्या

सोडतीवरचा मुख्य आक्षेप असा की तिच्यात अननुभवी आणि कसलेला, दोघे एकाच मापाने मोजले जातात. यावर उपाय म्हणून जानेवारी २०२१ मध्ये एक नियम जाहीर झाला : पगाराच्या पातळीप्रमाणे वरून खाली निवडत जायचे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला. नियम काढणाऱ्या मंत्र्यांची हंगामी नेमणूकच कायदेशीर नव्हती, हे त्याचे कारण होते. पगारावरून निवड योग्य की अयोग्य, याचा निकाल लागलाच नाही.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक घोषणा काढली. २१ सप्टेंबरपासून १२ महिने, देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करताना मालकाने १,००,००० डॉलर भरावेत, असे तिच्यात होते. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये निवडीचा नवा नियम जाहीर झाला, तो २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला. यात सोडत राहिली, पण चिठ्ठ्या सारख्या राहिल्या नाहीत. अमेरिकेचे कामगार खाते प्रत्येक व्यवसायासाठी आणि प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवते. पहिल्या पातळीच्या उमेदवाराची एक चिठ्ठी, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन आणि चौथीच्या चार.

चार चिठ्ठ्या म्हणजे चौपट संधी का? हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. चार मुले घ्या. अ च्या नावाची एक चिठ्ठी, ब च्या दोन, क च्या तीन, ड च्या चार. एकूण दहा चिठ्ठ्या डब्यात टाका. जागा दोन. पहिली चिठ्ठी काढा, ज्याचे नाव निघाले त्याच्या उरलेल्या चिठ्ठ्या बाजूला काढा आणि मग दुसरी काढा. निकाल फळ्यावर लिहा. असे पन्नास-शंभर वेळा करा.

मुले बहुधा सांगतील की ड ची संधी अ च्या चौपट. प्रत्यक्षात शंभर वेळांत ड साधारण ७२ वेळा, क ६१ वेळा, ब ४४ वेळा आणि अ २३ वेळा निवडला जाईल. (चौघांची बेरीज २००, कारण प्रत्येक वेळी दोन जागा आहेत.) ड ची संधी अ च्या सुमारे तिप्पट भरते. कारण ड पहिल्या फेरीत निघाला की त्याच्या बाकीच्या तीन चिठ्ठ्या वाया जातात आणि दुसऱ्या जागेसाठी अ ला थोडी वाट मोकळी होते.

अमेरिकन सरकारने नियमासोबत अंदाज दिला तो असा : पहिल्या पातळीला सुमारे १५ टक्के, दुसरीला ३१, तिसरीला ४६, चौथीला ६१. हे आकडे नेमके एक, दोन, तीन, चार या प्रमाणात आहेत. आपल्या खेळाप्रमाणे पाहिले तर हा सरळ पटीने काढलेला अंदाज आहे. प्रत्यक्षातली दरी थोडी कमी असेल. पण दिशा तीच. हे आकडे घेऊन वरचे तीन वर्षांचे गणित पुन्हा केले, तर पहिल्या पातळीवरचे शंभरातले ६१ जण तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परततील. चौथ्या पातळीवरचे फक्त सहा.

पुण्याहून एम.एस.साठी जाणारी बहुतेक मुले नोकरीच्या सुरुवातीला पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर असतात. कर्ज काढून जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी हा आकडा आधी पाहिला पाहिजे.

पगार म्हणजे कौशल्य का?

नव्या नियमाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की पगार हे कौशल्याचे माप आहे. ज्याचे काम मोलाचे, त्याला मालक अधिक देतो. यात तथ्य आहे. स्वस्तात माणसे आणण्याचा मोहही त्यामुळे कमी होतो, आणि १८८५ पासून सांगितला जाणारा हेतूही हाच आहे.

पण मोजपट्टी नीट पाहू. पातळी ठरते ती त्या व्यवसायात आणि त्या भागात. त्यामुळे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेची तुलना संगणक अभियंत्याशी होत नाही, हे बरे आहे. मात्र तोच पगार सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुसऱ्या पातळीचा ठरेल आणि एखाद्या लहान गावात चौथ्या पातळीचा. माणूस तोच, काम तेच, चिठ्ठ्या दोनच्या चार. शिवाय चौथी पातळी म्हणजे अगदी शिखर नाही. त्या व्यवसायातल्या शंभर जणांपैकी सुमारे ६७ जणांपेक्षा अधिक पगार मिळाला की ती येते. आणि पगार अनुभवाबरोबर वाढतो. नुकतीच शिकून आलेली, नवी कल्पना घेऊन आलेली मुलगी पहिल्या पातळीवरच असणार. नियम तिचे आजचे मोल मोजतो, दहा वर्षांनंतरचे नाही.

याहून वेगळा मार्ग कॅनडाने १९६७ मध्ये धरला. शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय यांना गुण द्यायचे आणि बेरजेवर निवडायचे. ही आपल्या गुणपत्रिकेसारखी पद्धत आहे आणि म्हणून आपल्याला पटते. पण कशाला किती गुण द्यायचे, हे सरकार ठरवते आणि वेळोवेळी बदलते. देऊ केलेल्या नोकरीचे जादा गुण कॅनडाने मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. त्या दिवशी अनेकांची बेरीज घटली, ज्ञान मात्र तेवढेच राहिले.

वर्गात काय सांगावे?

आतापर्यंतचे नियम ओळीने मांडू. १८८२ आणि १९१७ मध्ये जन्मदेश मोजला. १९२३ मध्ये वंश. १९६५ मध्ये व्यवसाय. १९९० मध्ये पदवी. २००७ पर्यंत घाई. नंतर नशीब. मधल्या काळात चिठ्ठ्यांची संख्या. आता नशीब आणि पगार यांचे मिश्रण. आधीच्या नियमातला दोष काढण्यासाठी पुढचा नियम आला आणि त्याने स्वतःचा एक दोष आणला. प्रयोगशाळेतही आपण हेच पाहतो. प्रत्येक उपकरण ठराविक राशीच मोजते. तापमापकाने वजन कळत नाही आणि त्यात तापमापकाची चूक नसते. चूक होते ती वाचन लिहून घेणाऱ्याची.

म्हणून विद्यार्थ्यांना कोणत्याही निवडीविषयी तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हा नियम नेमके काय मोजतो? जे मोजत नाही, ते काय? आणि निकालात योगायोगाचा वाटा किती? प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती, नोकरी, घरांची सोडत, सगळीकडे हे प्रश्न लागू पडतात. ज्यांची निवड झाली त्यांनीही ते विचारावेत. आपण निवडले गेलो म्हणजे मागे राहिलेल्यांपेक्षा सरस होतो, असा समज या इतिहासात कोठेच टिकत नाही.

ती विद्यार्थिनी आता पुण्यातच संशोधन करते. मध्यंतरी तिच्या हाताखाली आलेल्या दोन मुलांना ती हाच चिठ्ठ्यांचा खेळ संगणकावर लिहायला सांगत होती. दहा हजार वेळा सोडत काढून त्यांनी आलेख काढला. आपण कशात कमी पडलो, या प्रश्नाचे उत्तर त्या आलेखात सापडले का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "सर, त्या आलेखात 'कमी पडणे' नावाचा अक्षच नाही."